हरकतीचा एक महिना : झाडं, बागा आणि मोकळ्या जागांचे कायदे नेमके कुठे बदलतात

"मॅडम, पेपरात आलंय बघा. झाडं तोडायचा कायदा कडक झाला म्हणे. आता आपल्या नकाशाचं काय करायचं?"

असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतोच. कधी बिल्डरचा, कधी ताराबाई पार्कातल्या जुन्या बंगल्याच्या मालकांचा, कधी नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलामुलींचा. मी आधी एवढंच विचारते की बातमीत क्रियापद कोणतं आहे? मंत्र्यांनी सांगितलं, मंत्रिमंडळानं मान्यता दिली, विधेयक मांडलं, विधेयक मंजूर झालं, की राजपत्रात प्रसिद्ध झालं? पेपर वाचणाऱ्याला हे सगळं एकच वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या आणि शेवटच्या पायरीत कधी आठ दिवसांचं अंतर असतं, कधी पाच वर्षांचं, आणि कधी शेवटची पायरी येतच नाही.

मी कोल्हापुरात लँडस्केपचं काम करते. सोसायट्यांच्या मोकळ्या जागा, शाळांची मैदानं, कारखान्यांची आवारं, अधूनमधून एखादं उद्यान. या कामात झाड, माती, पाणी यांच्याइतकाच रोजचा संबंध कायद्याशी येतो, आणि कॉलेजात तो कुणी शिकवत नाही. आर्किटेक्ट, इंजिनिअर, इंटिरिअरवाले, नर्सरीवाले, सोसायटीचे सेक्रेटरी अशा सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून, राज्याचे कायदे आपल्या कामापर्यंत कोणत्या वाटेनं येतात आणि त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं, ते इथे जमेल तितकं सोपं करून सांगते.

दिल्लीचं काय, मुंबईचं काय

आपल्या व्यवसायाची उपाधी दिल्लीच्या कायद्यात आहे. आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसलेल्यानं स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेऊ नये, असं त्याचं कलम ३७ सांगतं. त्याच कलमात 'लँडस्केप आर्किटेक्ट' आणि जहाजांचे 'नेव्हल आर्किटेक्ट' या दोघांना अपवाद केलं आहे. झाडं, वनस्पती आणि भूदृश्य यांच्या संदर्भात मोकळ्या जागांचं डिझाइन करणारी व्यक्ती, अशी आपली व्याख्या तिथे एका ओळीत दिली आहे. देशाच्या कायद्यात आपल्या व्यवसायाला मिळालेली जागा ती एवढीच. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की कलम ३७ उपाधीचं रक्षण करतं, कामाला मनाई करत नाही.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे पन्नासही राज्यांत लँडस्केप आर्किटेक्टचा परवाना त्या त्या राज्याच्या कायद्यानं ठरतो. त्यामुळे विधिमंडळं भरली की तिथल्या संघटना कामाला लागतात, परवाना सैल करणारं किंवा रद्द करणारं विधेयक कुठे आलंय का ते शोधतात. आपल्याकडे असा राज्याचा परवाना नसल्यामुळे 'आपल्याला विधानसभेशी काय करायचंय' असं बऱ्याच जणांना वाटतं. तिथेच आपली चूक होते.

जमीन, पाणी आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे तिन्ही विषय राज्यघटनेनं राज्यांकडे दिले आहेत. 'आर्किटेक्ट' कुणी म्हणवून घ्यायचं ते दिल्ली ठरवते, पण प्लॉटवर किती जागा मोकळी सोडायची, झाड कुणाच्या परवानगीनं तोडायचं, नदीकाठी काय बांधायचं, पावसाचं पाणी कुठे मुरवायचं हे मुंबई ठरवते. आपलं पोट या दुसऱ्या यादीवर चालतं.

यादीतली ठळक नावं अशी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. त्याच्या आधारानं डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे आपली युडीसीपीआर. शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, ग्रामीण भागासाठी १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा. आणि २००९ चा भूजल अधिनियम.

कोल्हापूरकरांना यात आणखी एक गाठ सोडवावी लागते. महापालिका १९७२ मध्ये झाली आणि हद्दवाढीचा वाद तेव्हापासून आपल्या पाचवीला पुजलेला. शहराला लागून असलेल्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये वेगळं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. वीसेक किलोमीटरवर पन्हाळा आहे, ती गिरिस्थान, म्हणजे थंड हवेच्या ठिकाणची, नगरपरिषद, आणि युडीसीपीआर लागू करतानाच गिरिस्थान नगरपरिषदा तिच्यातून वगळल्या गेल्या. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळाही जागतिक वारशाच्या यादीत गेला. म्हणजे रंकाळ्यावर काम करून दुपारी पन्हाळ्याला साइटवर गेलात, तर तासाभरात तुम्ही एका नियमांच्या राज्यातून दुसऱ्यात पोचलेले असता. कोणताही बदल वाचताना पहिला प्रश्न हाच, की माझी जमीन नेमकी कुणाच्या हद्दीत आहे?

विधेयकाचा प्रवास

विधिमंडळाची साधारण तीन अधिवेशनं होतात. मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पी आणि जून-जुलैत पावसाळी, ही मुंबईत. डिसेंबरात हिवाळी, नागपुरात. विधेयक एका सभागृहात मांडलं जातं, चर्चा होते, खंडवार मंजुरी होते, मग ते दुसऱ्या सभागृहात जातं. विधानसभा २८८ सदस्यांची, परिषद ७८ ची. दोन्हीकडून मंजूर झालं की राज्यपालांची संमती, आणि मग राजपत्र. विषय केंद्राच्या एखाद्या कायद्याला भिडणारा असेल तर ते राष्ट्रपतींपर्यंतही जातं. अधिवेशन नसताना घाई असेल तर अध्यादेश निघतो. तो लगेच लागू होतो, पण पुढचं अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो गळून पडतो. अध्यादेशावर भरवसा ठेवून मोठं काम सुरू करणाऱ्यांनी कॅलेंडरवर ती तारीख ठळक करून ठेवावी.

मंजूर झालं म्हणजे लागू झालं, हा समज किती फसवा आहे ते भूजल कायद्यावरून दिसतं. नावात वर्ष आहे २००९. पण तो अधिनियम म्हणून निघाला २०१३ मध्ये, 'सन २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २६' असा. अंमलात आला १ जून २०१४ ला. आणि प्रत्यक्ष कामकाज कसं चालेल ते सांगणाऱ्या नियमांचा मसुदा लोकांसमोर आला २०१८ मध्ये. बागेसाठी बोअर मारायचा की नाही, हा आपल्या प्रत्येक मोठ्या कामातला प्रश्न. या नऊ वर्षांत मला तो विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागलं असतं.

विधेयक हातात आलं की मी ते मागून वाचते. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. सरकारला नेमकी कोणती अडचण सोडवायची आहे ते तिथे साध्या भाषेत सापडतं. त्यानंतर मूळ कायद्यातल्या ज्या कलमांना हात लावलाय त्यांचा उतारा. जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलनं फरक काढला, तर वीस पानी विधेयकातला बदल बऱ्याचदा तीन ओळींचा निघतो.

मग भाषा. कायद्याची मराठी जड आहे म्हणून लोक ती टाळतात, पण तिच्यातले चार-पाच शब्द ओळखीचे झाले की कुलूप उघडतं. 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' असं दिसलं की समजायचं, खरी गोष्ट अजून ठरलेली नाही, ती पुढे नियमांत येणार आहे. 'विहित' म्हणजे नियमांनी ठरवलेलं. 'परंतु' या शब्दानं सुरू होणारा परिच्छेद म्हणजे परंतुक, आणि सवलती, अपवाद, पळवाटा सगळ्या तिथे राहतात. 'काहीही अंतर्भूत असले तरी' अशी सुरुवात झाली, की हे कलम बाकीच्यांच्या डोक्यावर बसणार. आणि 'शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नेमून देईल अशा दिनांकास ते अंमलात येईल' हे वाक्य दिसलं, तर तो दिनांक नेमला जाईपर्यंत फोन करणाऱ्या क्लायंटला शांतपणे सांगायचं, आजचा नकाशा आजच्या कायद्यावर.

जिथे कुणी बघत नाही तिथे

आता मुख्य मुद्दा. इतकी वर्षं अशा बदलांची वही ठेवल्यावर माझं ठाम मत झालंय की आपल्या कामावर परिणाम करणारे बहुतेक बदल विधेयकाच्या वाटेनं येतच नाहीत. ते एमआरटीपीच्या कलम ३७ च्या वाटेनं येतात. सभागृह नाही, चर्चा नाही, बातमीही बहुधा नाही. नगर विकास विभागाची दोन-तीन पानांची सूचना, आणि खाली हरकती-सूचनांसाठी एक महिना.

हे चालतं कसं? युडीसीपीआर हा काही स्वतंत्र कायदा नाही. ती विकास योजनांना, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या आराखड्यांना, जोडलेली नियमावली आहे, म्हणून ती बदलायला विधानसभेत जावं लागत नाही. महापालिकेला आपल्या योजनेत छोटा फेरबदल करायचा असेल तर कलम ३७(१). राज्य सरकारलाच तो करायचा असेल तर ३७(१कक). प्रादेशिक योजनेच्या भागासाठी कलम २०. सूचना राजपत्रात येते, हरकती मागवल्या जातात, नेमलेला अधिकारी सुनावणी घेतो. आपल्याकडे ते बहुधा नगररचना विभागाचे पुण्याचे सहसंचालक असतात. ते अहवाल पाठवतात आणि मग शासन अंतिम मंजुरी देतं.

त्यात आणखी एक कलम लक्षात ठेवण्यासारखं आहे, १५४. या कलमाखाली शासन नियोजन प्राधिकरणांना निर्देश देऊ शकतं. युडीसीपीआरमधले कितीतरी बदल असे आले की एका हातानं ३७(१कक) ची सूचना काढून हरकती मागवल्या आणि दुसऱ्या हातानं १५४ चा निर्देश देऊन तो बदल लगेच लागूही केला. हरकतीचा महिना सुरू आहे आणि त्याच नियमावर परवानग्याही मिळताहेत. मला ही पद्धत पटत नाही. ज्याच्यावर लोकांचं म्हणणं अजून ऐकून झालेलं नाही, त्यावर इमारती उभ्या राहू लागल्या तर सुनावणीला काय अर्थ उरतो? पण ती आहे, आणि म्हणून सूचना वाचताना शेवटच्या परिच्छेदात १५४ चा उल्लेख आहे का ते आधी बघायचं. असेल तर बदल आजपासून लागू धरायचा.

हे मी ठेच लागून शिकले. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीचा ले-आउट मी लक्ष्मीपुरीतून घेतलेल्या छापील नियमावलीवरून बसवला. पुस्तक नवं कोरं, मी त्याला रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या. नकाशा छाननीला गेला आणि परत आला. तपासणाऱ्या माणसानं स्वतःची प्रत उघडून दाखवली. तिच्या त्या पानामागे स्टेपल केलेला एक सुटा कागद होता, एका तक्त्याखालची टीप बदलल्याची सूचना. पुस्तक छापून झाल्यावर ती आली होती. माझ्या प्रतीत तो कागद नव्हता. बागेची पट्टी दीड मीटरनं सरकली, त्याबरोबर गटार सरकलं, रॅम्प सरकला, आणि दोन महिने गेले. चूक पूर्ण माझी होती. त्या दिवसापासून माझ्या प्रतीतही सुटे कागद स्टेपल होतात, प्रत्येकावर राजपत्राची तारीख लाल पेननं.

निळी रेषा आणि बागेचा अर्थ

एका शब्दानं काय होतं ते पंचगंगेच्या काठावर बघा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २००५, २०१९, २०२१, तीन पूर आपण पाहिले. नकाशावर याच्या दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. युडीसीपीआरनुसार नदीचा काठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल हा निर्बंधित पट्टा, तिथे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं.

पण निषिद्ध पट्ट्यातही काही वापर चालतात. उघडं पार्किंग, बाग, हिरवळ, मोकळी जागा. म्हणजे शहरातला पुराचा सगळ्यात नाजूक भाग नियमानं आपल्या, लँडस्केपवाल्यांच्या, हातात दिलाय. आणि 'बाग' म्हणजे काय, हे वाचणाऱ्यावर सोडलंय. माझ्या मते बाग म्हणजे मूळ जमिनीची पातळी तशीच ठेवून केलेली लागवड. पण चार फूट भराव टाकून, कडेनं दगडी भिंत घालून, वर लॉन अंथरलं तर कागदावर तीही बागच. पुराच्या पाण्याला मात्र तो बांध वाटतो. तुंबलेलं पाणी शेजारच्या गल्लीत शिरतं. आणि पूर ओसरल्यावर त्या लॉनवर गाळाचा थर बसतो तो वेगळाच, आठ दिवसांत गवत कुजून वास सुटतो. त्याच काठावर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन ही झाडं पाण्यात उभी राहून परत पालवतात. त्यांना शतकानुशतकांची सवय आहे.

हे लिहायची जागा म्हणजे हरकत. पूररेषेच्या नियमात फेरबदलाची सूचना निघाली तर आपण लिहू शकतो की 'बाग' या शब्दापुढे 'मूळ जमिनीच्या पातळीत भराव न करता' एवढे शब्द घाला, आणि कुंपण पाणी आरपार जाईल असंच हवं अशी अट घाला. ओळ छोटीच असते, पण इंजिनिअर ती लिहीत नाही, वकील लिहीत नाही. कुणाला सुचलीच तर रोपांच्या मुळाशी बसून काम करणाऱ्यालाच सुचेल.

असंच गणित झाडांचं. १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला, आणि तोडायच्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. एखाद्या जुन्या बंगल्याच्या जागेवर इमारत होणार आहे, आवारात ३५ वर्षांचा आंबा आणि २० वर्षांचा बकुळ आहे, असं धरा. दोन्ही काढायची तर ५५ झाडं लावायची. बाराशे चौरस मीटरच्या प्लॉटवर कुठे लावणार? मी हा आकडा पहिल्याच बैठकीत कागदावर मांडते. पार्किंगचा रॅम्प पूर्वेला फिरवला तर आंबा वाचतो, फक्त बकुळ जातो, मग २० झाडं. कंपाउंडची भिंत बकुळाजवळ थोडी आत वळवली तर शून्य. दुरुस्तीआधी मी भावनेनं बोलायचे, आता आकडा बोलतो आणि मालक ऐकतात.

झाड तोडायचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्यानं वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि त्या झाडावरही नोटीस लावायची, असं कायदा सांगतो. हरकतीला मुदत सात दिवस. महिनासुद्धा नाही. म्हणून येता-जाता झाडाच्या बुंध्यावर कागद दिसला तर गाडी थांबवून वाचा.

माझी वही

राज्याचं साप्ताहिक राजपत्र 'गुरुवार ते बुधवार' अशा तारखांनी निघतं, तातडीचं असेल ते 'असाधारण' म्हणून कोणत्याही दिवशी. आपल्या जिल्ह्याच्या नगररचनेच्या सूचनांसाठी भाग एकची पुणे विभागीय पुरवणी बघायची. हे सगळं ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मी शुक्रवारी सकाळी, साइटवर निघायच्या आधी, अर्धा तास त्याला देते. नगर विकास विभागाचे शासन निर्णय त्याच वेळी. अधिवेशन सुरू असेल तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मांडलेल्या विधेयकांची यादी रोज संध्याकाळी.

वही साधी दोनशे पानी आहे. एका बदलाला एक पान. वर कायद्याचं नाव आणि कलम, खाली सूचनेची तारीख, हरकतीची शेवटची तारीख, १५४ आहे की नाही, कोणत्या हद्दीला लागू, आणि माझ्या चालू कामांपैकी कुणाला बसणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे साइटचं नाव पडलं नाही तर तो बदल माझ्यापुरता माहितीच राहतो. आम्ही चौघं जण हे वाटून घेतो. एक जण महसूल आणि बिगरशेतीचं बघतो, एक जण पाणी आणि पर्यावरण, मी नगररचना आणि झाडं, चौथी मैत्रीण महापालिकेच्या सभेचे ठराव. एकट्यानं हे सगळं करायला गेलं तर दुसऱ्या महिन्यात सुटतं, हा अनुभव आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जीआरबद्दल एक साधी तपासणी सांगते. प्रत्येक शासन निर्णयाला १८ आकडी संगणक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. 'कालच निघाला' म्हणून आलेल्या जीआरचा सांकेतांक २०१७ नं सुरू होत असेल तर पुढे पाठवू नका. सांकेतांकच नसेल तर शासनाच्या संकेतस्थळावर तो सापडेपर्यंत त्यावर काहीही ठरवू नका.

म्हणणं मांडायचं कसं

हरकत लिहायला वकील लागत नाही. सूचनेचा क्रमांक आणि तारीख, कोणत्या नियमातल्या कोणत्या शब्दावर आक्षेप आहे ते, कारण, आणि त्या जागी कोणते शब्द हवेत ते. एवढं एका पानात बसतं. शेवटचा भाग लोक विसरतात. 'हा बदल पर्यावरणाच्या विरोधात आहे' एवढंच लिहिलं तर अहवालात 'हरकत प्राप्त' अशी नोंद होते आणि पान उलटतं. पर्यायी वाक्य तयार दिलं तर निदान त्याच्यावर हो किंवा नाही लिहावं लागतं. सोबत एक छेदचित्र, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, जोडा. आपल्याला चित्र काढता येतं ही या क्षेत्रात मोठी ताकद आहे. भराव घातलेल्या बागेचा आणि न घातलेल्या बागेचा छेद, पुराच्या पातळीची एक रेघ, बस्स. सुनावणीला बोलावलं तर जाच, पुण्याचा एक दिवस मोडतो पण समोरासमोर सांगता येतं.

विधेयक असेल तर आमदारांकडे जावं लागतं. जिल्ह्यात दहा मतदारसंघ आहेत, आपले आमदार कोण ते माहीत असतंच. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं ते, बरेच दिवस आधी द्यावे लागतात, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावण्यात अर्थ नाही. आणखी एक दार आहे ते फार जणांच्या लक्षात येत नाही. विधान परिषदेचा पुणे विभाग पदवीधर मतदारसंघ, ज्यात कोल्हापूर येतं. आपण सगळे पदवीधर, पण मतदार म्हणून नाव नोंदवलेले किती? ती नोंदणी आपोआप होत नाही, अर्ज भरावा लागतो. आमच्या चौघांपैकी दोघांची नव्हती.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे, त्यामुळे नियमाला आव्हान द्यायला आता मुंबईच्या खेपा नाहीत. तरी तो शेवटचा रस्ता आहे. आणि तिथेही पहिला प्रश्न साहजिकच येतो की तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का?

म्हणून पोहोच जपा. हरकतीच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि तिथेच उभं राहून शिक्क्यातली तारीख वाचा. शाई पुसट असेल तर पुन्हा मारून मागा. ईमेलनं पाठवली असेल तरी एक प्रत पोस्टानं पाठवा आणि पावती वहीच्या त्याच पानाला स्टेपल करा. महिन्याची मुदत सूचनेच्या तारखेपासून धरतात की राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून, ते त्या सूचनेतच लिहिलेलं असतं. मी दोन्हींपैकी आधीची तारीख धरते आणि तिच्याही चार दिवस आधी कागद पोचवते.